पोथीचें मुद्रण : खर्च, किंमत व ग्रंथकाराचा वांटा

राळेगांवच्या आसपास, यवतमाळपासून वर्धा नदीच्या कांठापर्यंतच्या मुलखांत, ज्या घरांनीं जुनीं बाडें व पोथ्या राखल्या आहेत त्या घरांत संशोधकास दोन प्रश्न बहुधा विचारले जातात. हें छापावयास किती खर्च येईल, हा पहिला. आणि छापल्यावर आमच्या हातीं काय येईल, हा दुसरा. दोन्ही रास्त आहेत. त्यांचें नीट उत्तर न मिळाल्यामुळें कांहीं पोथ्या बासनांतच राहतात, आणि कांहीं, त्याहून वाईट म्हणजे, न वाचलेल्या करारावर सही होऊन बाहेर पडतात. उत्तर शोधण्यास मुद्रकाकडेच जावें लागतें असें नाहीं. ज्या कपाटांत पोथी आहे त्याच कपाटांत शंभर वर्षांपूर्वींचीं मुद्रित पुस्तकेंही असतात, व तीं कशीं छापलीं गेलीं, कोणाच्या पैशानें छापलीं गेलीं व त्यांवरील किंमतीचा अर्थ काय, हें वाचतां आलें म्हणजे आजचा हिशेबही समजूं लागतो.

आमच्या जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर यवतमाळच्या शारदाश्रमाचें उदाहरण डोळ्यांपुढें आहे. महानुभावांचे ग्रंथ सकळ इत्यादि सांकेतिक लिप्यांत कित्येक शतकें झांकलेले होते. कै. राजवाडे यांनीं सकळ लिपीची किल्ली लाविली, आणि १९२५ सालीं कै. यशवंत खुशाल देशपांडे यांचें ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हें पुस्तक निघालें. लिपीचा अडसर दूर झाल्यावर राहिला तो द्रव्याचा. आणि हा दुसरा अडसर पहिल्यापेक्षां चिवट ठरला असेंच म्हणावें लागतें. लीळाचरित्राची कै. कोलते यांनीं संपादिलेली आवृत्ति निघावयास १९७८ साल उजाडलें, व तीही महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें, म्हणजे सरकारी पैशानें, काढिली.

पुस्तकाच्या खर्चाचे दोन भाग असतात, व ते मनांत निराळे ठेविल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. एक भाग प्रती किती काढावयाच्या यावर मुळींच अवलंबून नसतो. अक्षरजुळणी, मुद्रितें तपासणें, चित्रांचे ठसे, मुखपृष्ठाची आंखणी, हें सर्व एका प्रतीसाठीं करा कीं हजार प्रतींसाठीं करा, तेवढेंच. दुसरा भाग प्रतीगणिक वाढतो: कागद, शाई, छपाई, बांधणी. खिळ्यांच्या छापखान्यांत पहिला भाग देवनागरीस विशेष जड जाई. इंग्रजी जुळाऱ्यापुढें थोडीं घरें, तर मराठी जुळाऱ्यापुढें काने, मात्रा, वेलांट्या, अर्धीं अक्षरें व जोडाक्षरें मिळून खिळ्यांचीं कित्येक शेंकडे घरें. हात दूरवर फिरवावा लागे, वेळ जाई, आणि मुद्रितांत चुका अधिक निघत. त्यांत महानुभावी किंवा मोडी मूळ असलें, तर जुळाऱ्यास न ओळखीचे शब्द. पाठभेदांच्या बारीक टीपा असल्या तर दुसऱ्या मापाचा टाइप. ‘पाठशुद्ध आवृत्ति’ हा शब्द आपण सहज उच्चारतों. छापखान्याच्या बिलांत तो दर पानास जड भरत असे.

कागदाचें गणित संग्राहकानें एकदां तरी स्वतः करून पाहावें. जुन्या पुस्तकावर ‘डेमी आठपेजी’ असें असतें, याचा अर्थ कागदाच्या एका बाजूस आठ पृष्ठें व दोन्ही बाजू मिळून सोळा. या सोळा पृष्ठांस फॉर्म म्हणतात. पुष्कळ जुन्या पुस्तकांत पृष्ठ १, १७, ३३ यांच्या तळाशीं जो बारीक आंकडा दिसतो तो फॉर्माचा क्रमांक होय. पान गहाळ आहे कीं नाहीं हें ठरवितांना तो पृष्ठांकाइतकाच उपयोगी पडतो. २४० पृष्ठांचें पुस्तक म्हणजे १५ फॉर्म. हजार प्रती काढावयाच्या तर १८ × २३ इंची डेमी कागदाचे १५,००० ताव, म्हणजे ५०० तावांच्या रिमाप्रमाणें ३० रीम. जुन्या ४८० तावांच्या रिमानें हेच सव्वाएकतीस भरतात. शिवाय वायां जाणारा कागद निराळा. एक पृष्ठ वाढलें कीं एक पान वाढलें अशी बाहेरच्याची समजूत असते. मुद्रकाच्या लेखीं २४० चीं २४२ पृष्ठें झालीं तर नवा फॉर्म उघडतो. जुन्या पुस्तकांच्या अखेरीस पुस्तकांच्या जाहिरातींचीं पानें दिसतात तीं कित्येकदां अशा अर्धवट राहिलेल्या फॉर्माचीं भरती असतात.

येथें शिळाछापाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडील धार्मिक पोथ्या बहुतांशीं शिळाछापाच्या आहेत. मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ च्या सुमारास शिळाछापखाना घातला. शिळाछापास खिळ्यांचें भांडवल लागत नाहीं, जोडाक्षरांची अडचण नाहीं. चांगल्या वळणाच्या लेखकानें तेलकट शाईनें लिहून दिलें कीं तें दगडावर उतरवावें व छापावें. म्हणजे ज्या लहिया मंडळींचा धंदा छापखान्यानें बुडविला असें आपण म्हणतों, त्यांतील कांहींस शिळाछापानेंच काम दिलें. मोकळ्या पानांची आडवी पोथी, मधें मूळ, वरखालीं टीका, हें हस्तलिखिताचें रूप शिळेवर जसेंच्या तसें उतरे. खिळ्यांत तें साधणें खर्चाचें होतें. मात्र शिळा पुसून दुसऱ्या कामास लागली कीं पुढील आवृत्तीसाठीं पुन्हां लेखकाकडून लिहवून घ्यावें लागे. म्हणून एकाच छापखान्याच्या दोन शिळाछाप आवृत्ति एकच समजूं नयेत. प्रत्येकीस नवा लहिया व त्याच्या नव्या चुका. पाठ मिळवितांना त्या दोन हस्तलिखितांप्रमाणेंच वेगळ्या मोजाव्या असें माझें मत आहे.

आतां खर्च व किंमत यांचा संबंध. समजण्यापुरते मानलेले आंकडे घेतों. ते कोणत्याही छापखान्याचे दर नव्हेत. स्थिर खर्च ३०,००० रुपये धरूं, व प्रतीमागें खर्च ८० रुपये. २०० प्रती काढिल्या तर एकूण ४६,०००, म्हणजे दर प्रतीस २३०. ५०० काढिल्या तर एकूण ७०,०००, दर प्रतीस १४०. हजार काढिल्या तर १,१०,०००, दर प्रतीस ११०. एवढ्यावरून हजार प्रती काढाव्या असा मोह होतो, व तोच मोह संशोधनसंस्थांच्या माळ्यांवर गठ्ठे चढवितो. पुस्तकाची छापील किंमत ४०० रुपये ठेविली असें माना. विक्रेता व वितरक मिळून शेंकडा ४० घेतील तर प्रकाशकाच्या हातीं २४० येतात. त्यांतून ग्रंथकारास छापील किंमतीवर शेंकडा १० प्रमाणें ४० दिले, राहिले २००. आतां पाहा: ५०० प्रतींचा खर्च निघावयास ३५० प्रती विकल्या गेल्या पाहिजेत, हजारांचा निघावयास ५५०, आणि २०० प्रतींचा खर्च निघण्यास २३० प्रती विकाव्या लागतील, ज्या छापलेल्याच नाहींत! सर्व प्रती खपूनही तोटा येतो तो असा. अशा वेळीं एक तर किंमत वाढवावी, नाहींतर विक्रेत्यास वगळून प्रत थेट वाचकास द्यावी, अथवा तिसऱ्या कोणाचा पैसा आणावा. आजच्या संगणकी छपाईंत ठराविक खर्च पुष्कळ उतरला आहे, मागणीप्रमाणें शंभर किंवा पन्नास प्रतीही काढतां येतात; पण मुद्रितें तपासणाऱ्या जाणत्या माणसाचा वेळ स्वस्त झालेला नाहीं, आणि पोथीच्या संपादनांत मोठा खर्च तोच असतो. अभिप्रायार्थ व भेटीदाखल जाणाऱ्या प्रतीही हिशेबांत धराव्या. १९५४ च्या कायद्यान्वयें राष्ट्रीय ग्रंथालय व इतर तीन ग्रंथालयें यांस प्रकाशकानें स्वखर्चानें प्रत पाठवावयाची असते, त्या चार त्यांतच आल्या.

‘तिसऱ्या कोणाचा पैसा’ ही गोष्ट मराठी ग्रंथप्रकाशनाच्या इतिहासांत अपवाद नसून नियम आहे. तुकारामाच्या गाथेची इंदुप्रकाश छापखान्याची आवृत्ति १८६९ पासून निघाली, तीस मुंबई सरकारनें २४,००० रुपये दिले होते. तिच्यावरील किंमत पाहून गाथा काय खर्चांत तयार झाली हें कोणीं ठरवूं गेल्यास तो फसेल. कै. साने, मोडक प्रभृतींनीं १८७८ सालीं ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू केला तो मासिकाच्या रूपानें, आणि यांत मासिकाची हौस नव्हती. ग्रंथ एकदम छापावा तर सर्व जुळणीचा व कागदाचा पैसा आधीं घालून विक्रीची वाट पाहावी लागे. मासिकांत वर्गणी आगाऊ येते व काम फॉर्माफॉर्मानें होतें. म्हणूनच तसल्या मासिकांत एका ग्रंथाचे पृष्ठांक स्वतंत्र चालवीत, पुरा झाल्यावर वाचकानें तो सोडवून बांधून घ्यावा म्हणून. संग्राहकाच्या हातीं अशी बांधणी आली असतां मुखपृष्ठ नाहीं म्हणून ती अपुरी समजूं नये. कै. वासुदेवशास्त्री खरे यांनीं मिरजेस शिक्षकी संभाळून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढिला तोही स्वतःच्या जोखमीवर व क्रमशः. राजवाड्यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचे २२ खंड १८९८ पासून निघाले, कांहीं प्रा. विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाले’च्या आश्रयानें, कांहीं अन्य ठिकाणीं. ते एका मापाचे व एका वळणाचे दिसत नाहींत याचें कारण आतां निराळें सांगावयास नको. उलट पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे कै. सरदेसाई यांनीं संपादिलेले ४५ भाग सरकारी छापखान्यांत थोड्या वर्षांत एका सांच्याचे निघाले. येथें एकच धनको होता.

आणखी एक मार्ग आमच्या प्रांताशीं निगडित आहे. डॉ. केतकर यांनीं ज्ञानकोशासाठीं नागपुरास मर्यादित कंपनी काढिली, भाग विकले, आगाऊ वर्गणीदार मिळविले, व २३ भागांचें काम तडीस नेलें. त्यांनीं १९२७ सालीं ‘माझें बारा वर्षांचें काम’ या नांवानें त्या मंडळाचा वृत्तांतही लिहिला. मराठींत ग्रंथ कसा लिहिला याच्या हकीकती पुष्कळ. तो कशावर उभा राहिला याची हकीकत ग्रंथकारानें स्वतः दिलेली फार थोडी. ज्याच्या संग्रहीं हें पुस्तक असेल त्यानें तें शोभेसाठीं ठेवूं नये.

वर्गणीदारांच्या व आश्रयदात्यांच्या याद्या जुन्या पुस्तकांच्या आरंभीं किंवा अखेरीस छापलेल्या असतात; बांधणाऱ्याच्या हातून त्याच पहिल्यानें गळतात. त्या जपून ठेवाव्या. कोणत्या गांवच्या कोणत्या गृहस्थानें किती प्रती घेतल्या हें त्यांत असतें, व पुस्तक विक्रीवर निघालें कीं आश्रयावर, याचा तो प्रत्यक्ष पुरावा होय. तसेंच ‘आगाऊ’ व ‘मागाहून’ अशा दोन किंमती, आणि ‘टपालखर्च निराळा’ हा शेरा. आगाऊ किंमत कमी असे ती वाचकावर कृपा म्हणून नव्हे. कागदवाल्याचें देणें भागविण्यासाठीं घेतलेल्या कर्जाचें तें व्याज समजावें.

किंमतीचा व प्रतींचा खरा आंकडा पाहिजे असल्यास त्याचें स्थान निराळें आहे. १८६७ च्या २५ व्या आक्टानें प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचें नांव व मुद्रणाचें ठिकाण, तसेंच प्रकाशकाचें नांव व ठिकाण घालणें भाग पडलें. सालाची सक्ति त्यांत नव्हती. त्यामुळें साल नसलेलीं पुस्तकें पुढेंही निघत राहिलीं. परंतु त्याच आक्टाप्रमाणें सरकारांत प्रत पोंचल्यावर तिची नोंद होत असे, व त्या नोंदींत प्रसिद्धीची तारीख, पृष्ठें, आकार, आवृत्ति, छापलेल्या प्रतींची संख्या, खिळाछाप कीं शिळाछाप, विक्रीची किंमत, आणि हक्काच्या मालकाचें नांव व राहण्याचें ठिकाण, इतकीं कलमें असत. या नोंदी दर तिमाहीस सरकारी ग्याझेटांत छापल्या जात. वऱ्हाडांतील घरांत सांपडणारीं मुद्रित पुस्तकें बहुतेक मुंबई-पुण्याचीं असल्यामुळें आपणांस मुंबई इलाख्याच्या याद्या पाहाव्या लागतात. त्यांचे संच लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. छापील किंमत, पृष्ठें व प्रती हे तीन आंकडे एकत्र आले म्हणजे वर दाखविलेला हिशेब जुन्या पुस्तकासही लावतां येतो, व हें पुस्तक पोटासाठीं काढिलें, धर्मासाठीं काढिलें, कीं कोणाच्या देणगीवर काढिलें, याचा बराच अंदाज बांधतां येतो. हा आक्ट दीडशें वर्षांहून अधिक चालला. २०२३ च्या नव्या कायद्यानें तो रद्द झाला, नवा कायदा १ मार्च २०२४ पासून अंमलांत आला, व त्यांत पुस्तकांचा समावेश नाहीं. पुढच्या शतकांतील संशोधकास आपल्या पुस्तकांच्या प्रतींची संख्या कोठें मिळणार, याचा विचार आजच्या प्रकाशकांनीं केलेला दिसत नाहीं. शेवटच्या पानावर ‘प्रती इतक्या’ एवढे शब्द छापण्यास कांहींच खर्च येत नाहीं.

ग्रंथकारास काय मिळे? पुष्कळदां एकरकमी मोबदला, व तोही हक्क कायमचे विकून. कांहींस मोबदल्याऐवजीं प्रती. १८५१ च्या दक्षिणा प्राइज कमिटीपासून बक्षिसें मिळत तीं ग्रंथाच्या गुणास, विक्रीस नव्हेत. ज्यानें स्वतः छापून घेतलें त्याचा नफातोटा त्याचाच. १८४७ च्या २० व्या आक्टान्वयें ग्रंथकाराचा हक्क ४२ वर्षें, किंवा हयातभर व पुढें ७ वर्षें, यांपैकीं जी मुदत अधिक असेल ती चाले. १८६७ च्या आक्टांत दोन रुपये फी भरल्यास तिमाही नोंदच हक्काच्या दप्तरांतील नोंद समजली जाई. म्हणून जुन्या पुस्तकांवर या आक्टांचे आंकडे देऊन सर्व हक्क स्वाधीन ठेविल्याचें लिहिलेलें असतें. कांहींवर ग्रंथकाराची सही किंवा शिक्का असतो, व तो नसलेली प्रत चोरीची समजावी अशी ताकीद असते. ही ताकीद गिऱ्हाइकापेक्षां मुद्रकास अधिक लागू होती असें मला वाटतें. प्रत्येक प्रत सहीसाठीं ग्रंथकाराच्या हातून गेली म्हणजे किती प्रती छापल्या हें त्यास कळे. छापखान्यानें गुपचूप चार रीम जास्त चालविले तर तें उघड होई. आज शेंकडेवारीनें स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, घेणाऱ्या ग्रंथकाराजवळ एवढेंही साधन नाहीं. त्यास प्रकाशकाच्या वार्षिक हिशेबावर विसंबावें लागतें.

१९१४ च्या कायद्यानें ग्रंथकाराच्या मरणानंतर ५० वर्षें ही मुदत आली. १९५७ च्या कायद्यानें ती तशीच ठेविली, व १९९२ सालीं ती ६० झाली. राजवाडे १९२६ च्या अखेरीस वारले, म्हणून त्यांच्या स्वतःच्या लेखनावरील हक्क १९७६ अखेर संपला. सरदेसाई १९५९ सालीं वारले. त्यांचा २०१९ अखेर. पुनर्मुद्रण करूं इच्छिणाऱ्यानें हें मोजणें प्रथम करावें, कारण ज्यास ग्रंथकाराचा वांटा द्यावयाचा नाहीं अशा पुस्तकाचा हिशेब वेगळा होतो.

पोथीच्या मालकाचा प्रश्न मात्र याहून नाजूक आहे. चौदाव्या शतकांतील ग्रंथाची पोथी आपल्या घरीं असणें म्हणजे त्या ग्रंथाचा मुद्रणहक्क आपला असणें नव्हे. कागद आपला, शब्द कोणाचेच नाहींत. संपादकाची प्रस्तावना, टीपा, अर्थ, हें त्याचें स्वतःचें; त्यावर त्याचा हक्क चालतो. मालकाच्या हातीं जें बळ आहे तें पोथी दाखविणें किंवा न दाखविणें एवढेंच, व तें एकदां छायाचित्र दिलें कीं संपतें. म्हणून त्यानें मागावयाचें तें आधीं मागावें: पानें मोजून दिलेली पावती, परत करण्याची तारीख, मुद्रित ग्रंथांत घराण्याचा व पोथीचा उल्लेख, छायाचित्रांचा एक संच, आणि ठराविक प्रती. रकमेचा आग्रह मी धरूं नये असें म्हणतों, व तें औदार्यासाठीं नव्हे. वरच्याच उदाहरणांत ५०० प्रती सगळ्या खपल्या तरी शेंकडा १० प्रमाणें सर्व मिळून २०,००० रुपये होतात, व तसा खप होण्यास कित्येक वर्षें जातात. त्यांतील अर्धे संपादकाकडून मागून घेतले तर दोघांसही न पुरणारें मानधन मिळून संबंध मात्र बिघडतो. प्रती व उल्लेख हे टिकतात.

संपादकानें मात्र करार शब्दशः वाचावा. ‘छापील किंमतीवर’ आणि ‘प्रत्यक्ष आलेल्या रकमेवर’ या दोन शब्दप्रयोगांत, वरच्या आंकड्यांप्रमाणें, प्रतीमागें ४० व २४ रुपये असा भेद पडतो. ५०० प्रतींवर तो ८,००० होतो. हक्क द्यावयाचा तो लेखी व सहीनिशीं द्यावा लागतो. त्यांत मुदत लिहिली नसेल तर कायदा पांच वर्षें धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो, आणि एक वर्षाच्या आंत प्रकाशकानें हक्काचा उपयोग केला नाहीं तर, उलट अट नसल्यास, तो परत येतो. हीं तिन्ही कलमें ग्रंथकाराच्या बाजूचीं आहेत. ‘कायमचे, सर्व भाषांतील, सर्व जगांतील’ असे चार शब्द घालून तीं निष्फळ करतां येतात, व छापील करारांत ते शब्द बहुधा असतात. ते खोडून त्यांच्या जागीं पांच किंवा सात वर्षें, मराठी आवृत्ति व प्रतींची संख्या एवढें हातानें लिहावें, आणि दोहों पक्षांनीं त्या खोडलेल्या ओळीजवळ सही करावी.